चोपणातला जीव

भिगवण रस्त्याच्या चौकात स्वरूपाने स्कूटर एकदम कडेला घेतली. मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत तिच्या अंगावरून गेल्यासारखा गेला आणि धूळ बसेपर्यंत तिला नीट दिसेना. विजेच्या दोन खांबांमध्ये कालपर्यंत कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता. आज तिथे तिचा जिवाणू होता. वर तिच्या कॉलेजच्या संस्थेचे दिवंगत संस्थापक बापूसाहेब, फेटा बांधलेले. उजव्या बाजूला विभागप्रमुख विजयसिंह सर, हात जोडलेले. मधोमध हिरव्या रंगाचा, बेडकाच्या पिल्लासारख्या शेपट्या फुटलेला एक प्राणी, इंटरनेटवरून उचललेला. खाली ठळक अक्षरांत, बारामतीच्या मातीतून जगाला नवी देणगी, लॅक्टोबॅसिलस बापूसाहेबी, संशोधक चमूचे हार्दिक अभिनंदन. चमूत कोण ते लिहिलेलं नव्हतं. पण तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते वेगळंच. ह्याला शेपट्या नाहीत, असं तिच्या मनात आलं. हा पोहत नाही. हा आखूड काडीसारखा असतो, दोन-दोनच्या जोडीने राहतो, रंगवला की जांभळा दिसतो, आणि जिथे असतो तिथेच बसून भोवतालचं सगळं आंबट करतो. मग दुसरं मनात आलं, की ही बारामतीची माती नाही. हा इंदापूर तालुक्यातला आहे, नरसिंहपूरच्या अलीकडे, भीमेच्या कडेला आईचा मुरघासाचा खड्डा आहे, त्यातला. नावाचा विचार सगळ्यात शेवटी आला, आणि तो आला तेव्हा पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी तसं झालं.

ती तिथेच स्कूटरवर बसून राहिली. पहिला तास बुडणार हे तिला कळत होतं. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाचा तास बुडला की तो बुडालाच, पण हात गाडी चालू करायला तयार नव्हता. तो सापडला त्या वर्षी उजनी धरणातून पाणी सोडलं होतं आणि भीमा रानात चढली होती. आईच्या खड्ड्यावरचा प्लॅस्टिकचा कागद एका बाजूने उचकटून पाणी आत शिरलं. मक्याची कुट्टी दाबून, वर माती टाकून, आंबवून गाईंसाठी राखलेली वर्षाची वैरण ती. पाणी ओसरल्यावर शेजारपाजारच्यांनी येऊन पाहिलं आणि खड्डा गेला असं सांगितलं. सडलेलं खाऊन गाई मरतील, उकरून बांधावर टाक. आईने, ठमाबाईने, ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. तिचं आयुष्यच असं गेलं होतं, ऐकून घ्यायचं आणि करायचं नाही. स्वरूपा सुट्टीत घरी गेली तेव्हा खड्ड्याचं तोंड उघडलं, आणि जो वास यायला हवा होता, कुजल्याचा, घशात अडकणारा, तो आला नाही. ताकाला जरा जास्त आंबट सोडावं तसा स्वच्छ वास आला. तिने मूठभर कुट्टी हातात घेऊन नाकाशी धरली. पाणी लागलेला, माती मिसळलेला, खारट मुरघास, आणि तो टिकला कसा? त्यात कोण आहे? हा प्रश्न तिला इतका सरळ पडला की ती हसली. आई म्हणाली, हसतीस काय, धुवून घे हात.

तिने उकळून थंड केलेल्या बाटलीत नमुना भरला आणि बारामतीला नेला. काचेच्या बशीत खडू मिसळलेल्या थरावर पांढरे ठिपके उगवले, त्यांच्याभोवती आम्लाने तो खडू विरघळून स्वच्छ कडी तयार झाली. त्यातला एक ठिपका इतरांपेक्षा उशिरा यायचा. मीठ घातलं की इतर सगळे मागे पडायचे, हा मात्र यायचा. सरांनी तेव्हा बशी उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाले की पुराचं पाणी शिरलेला खड्डा, त्यात गटारातलं काहीही असेल, हे दूषण आहे, फेकून दे. त्यांनी हे रागाने सांगितलं नव्हतं. त्यांनीच तिला एम.एस्सी.ला जिवाणू उचलायचा तारेचा फास ज्योतीत लाल करून धरायला शिकवलं होतं, मनगट कसं सैल ठेवायचं ते स्वतःच्या हाताने दाखवलं होतं. नाक वापर, पण नाकावर विश्वास ठेवू नकोस, हे त्यांचंच वाक्य. तिने मान हलवली आणि बशी फ्रिजच्या मागच्या कप्प्यात, जुन्या बाटल्यांच्या आड ठेवली. पुढे कितीतरी महिने ती त्या ठिपक्याला बशीतून बशीत नेत राहिली. तो प्रत्येक वेळी तोच निघाला, दूषण असतं तर तसा निघाला नसता. शेवटी सरांनीच परवानगी मिळवून दिली आणि पुण्याच्या प्रयोगशाळेतून त्याचा सगळा जीनोम वाचून आला. दोन जिवाणूंची एक जात म्हणायची तर शंभरात पंच्याण्णव तरी जुळावं लागतं. ह्याचा सगळ्यात जवळचा नातलग नव्वदलाही पोचत नव्हता. त्या दिवशी सर स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले, बराच वेळ. उठले तेव्हा माफी वगैरे काही मागितली नाही, पण शिपायाला सांगून तिच्यासाठी चहा मागवला, आणि तिला ते पुरलं. नियमाप्रमाणे तिने दोन वेगवेगळ्या देशांतल्या जिवाणू-संग्रहांत त्याचं कल्चर, म्हणजे वाढवलेला जिवंत नमुना, स्वतःच्या नावाने जमा केलं. लेखाचा मसुदा लिहिला. त्यात नाव घातलं. सरांनी तो वाचला, आणि नावाबद्दल बोलू असं म्हणून ठेवून दिला होता.

आंबट वासाशी तिचं जुनं भांडण होतं. इंदापूरच्या वसतिगृहात पाचवीत असताना शेजारच्या खाटेवरच्या मुलीने खाट ओढून लांब नेली होती. तेव्हा घरी मेंढरं होती. वडील, हिंदुराव, वर्षातले आठ महिने कळप घेऊन रानोमाळ असायचे, आणि सुट्टीवरून परतताना तिच्या कपड्यांना, केसांना, डब्यातल्या भाकरीलासुद्धा लोकरीचा आणि दह्याचा मिळून वास असायचा. ती नळाखाली बसून नखांनी घासायची. कातडी लाल होईपर्यंत घासून पुन्हा हात नाकाशी न्यायची, आणि वास आहे की आता फक्त भीती आहे हे तिला कळायचं नाही. पुढे कळप विकला गेला, वडील गेले, आईने गाई घेतल्या, पण ती सवय तशीच राहिली. बसमध्ये, स्टाफरूममध्ये, कुणी नाक आक्रसलं की तिचा हात आपोआप पदराकडे जायचा. सूक्ष्मजीवशास्त्र तिने का घेतलं हे कुणी विचारलं तर ती नोकरीचं कारण सांगायची. खरं कारण तिला आत्ता, ह्या चौकात, उसाच्या ट्रॅक्टरच्या धुळीत कळत होतं. त्या वासाला कोण जबाबदार आहे ते तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. तिने ते बघितलं होतं. आणि आता त्याच्यावर फेटा घातला जात होता.

सरांच्या केबिनमध्ये ती गेली तेव्हा त्यांनी आधी बसायला सांगितलं. फ्लेक्स संस्थेच्या कार्यालयाने परस्पर लावला, चित्र चुकलंय ते त्यांनाही खटकलं, बदलून घेऊ, असं ते म्हणाले. तिचं नाव राहून गेलं तेही घालू. ते समजुतीने बोलत होते, आणि त्यांच्या समजुतीनेच तिचा कोंडमारा होत होता. बापूसाहेब नसते तर ही प्रयोगशाळा नसती, हा फ्रिज नसता ज्याच्या मागच्या कप्प्यात तू बशी लपवलीस, ते म्हणाले, आणि ते खरं होतं. माणसाच्या आदरार्थ जिवाणूला नाव देता येतं, नियमात बसतं, हेही खरं होतं. मग ते पेपरवेट फिरवत थांबले.

"स्वरूपा, कायम जागेच्या मुलाखती निघणार आहेत. किती वर्षं तू तासांवर काढलीस ते मी बघितलंय. एका नावानं काय बिघडतं?"

काय बिघडतं ते तिला खरंच माहीत नव्हतं. नाव काहीही ठेवलं तरी तो मिठात वाढणारच, कुट्टी आंबवणारच. तिच्या डोळ्यांसमोर मुलाखतीचा हॉल आला, नेमणुकीचा कागद आला, बारामतीत स्वतःची खोली, खिडकीत तुळस, आणि कुणाच्याही नाकाकडे न बघता बसमध्ये बसणारी एक बाई. ती बाई तिला आवडली. तरीही ती म्हणाली,

"मी ह्या नावाने लेख पाठवणार नाही, सर."

"मग संस्था पाठवेल."

"दोन्ही संग्रहांत कल्चर माझ्या नावावर आहे. त्यांचे दाखले माझ्याकडे आहेत, आणि दाखल्याशिवाय कुणी छापणार नाही."

सरांनी पेपरवेट खाली ठेवला. इतका वेळ ते तिच्याशी विद्यार्थिनीसारखं बोलत होते, आता पहिल्यांदा समोरच्या माणसासारखं बोलले. कल्चर तिच्या नावावर असलं तरी तो जीव तिचा कसा, असं त्यांनी विचारलं. काच संस्थेची, वीज संस्थेची, तिचा वेळसुद्धा संस्थेचाच. ती उठली. जिन्यावर तिला कळलं की हे बोलणं तिला लागलं होतं, कारण त्यात थोडं तथ्य होतं. तो कुणाचा? तिचा तर नव्हताच. खड्ड्याचा म्हणावा तर खड्डा कुणाचा?

त्या दिवशी तिने दुसरा तासही घेतला नाही. तशीच स्कूटर काढली आणि इंदापूरच्या रस्त्याला लागली. लासुर्णे मागे पडलं. निमगाव केतकीजवळ पानमळ्यांच्या सावल्या रस्त्यावर आल्या आणि गेल्या. ऊन डोक्यावर होतं. स्कार्फच्या आत तिचा स्वतःचाच श्वास गरम होऊन तोंडावर येत होता, आणि ती मोठ्याने बोलत होती, सरांशी, बापूसाहेबांशी, त्या वसतिगृहातल्या मुलीशी, वाऱ्यात काही ऐकू न येणारं. मसुद्यात तिने जे नाव घातलं होतं ते आईचं होतं. ठमाबाईवरून, लॅटिनच्या वळणाने, ठमाई. मसुद्यातलं ते नाव कुणाचं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. आईला हे अचानक सांगायचं, छापून आल्यावर, असं तिने ठरवलं होतं, आणि त्या क्षणाची तिने इतक्या वेळा कल्पना केली होती की त्यातल्या आईचा चेहरा आता तिला पाठ झाला होता. जो माणूस सगळ्यांचं ऐकून खड्डा उकरत नाही त्याचं नाव, दुसऱ्या कुणाचं का? इंदापूर ओलांडून ती नरसिंहपूरच्या रस्त्याला वळली तेव्हा तिचा निश्चय दगडासारखा झाला होता.

ठमाबाई गोठ्यात शेण ओढत होती. लेक अवेळी आली म्हणजे काहीतरी वाईट झालं असणार, हे धरून तिने खराटा ठेवला, हात धुतले आणि पाणी आणून दिलं. स्वरूपाने ओट्यावर बसून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर आई म्हणाली, मुलाखत कवा हाय?

"आई, मी नावाचं सांगतेय."

"त्येच इचारती. त्येंचं नाव ऱ्हाऊ दे की. तुला नोकरी घावंल. नावात काय खायाचं हाय?"

स्वरूपाला वाटलं, सर आणि आई एकाच घरात वाढलेले आहेत. ज्याच्यासाठी भांडायला निघालो तो माणूसच दार लावून घेतोय असं काहीतरी तिला झालं, आणि त्या घाईत तिने नको होतं तसं, एकदम सांगून टाकलं, की ते नाव मी तुझं दिलंय, आई. लेखात तुझं नाव आहे.

ठमाबाई हसेल, लाजेल, डोळ्यांना पदर लावेल, ह्या सगळ्या चेहऱ्यांपैकी एकही आला नाही. तिचा चेहरा बंद झाला.

"किड्याला माजं नाव?"

किडा नाही, स्वरूपा घाईने म्हणाली, आणि समजावू लागली, की हाच खड्डा आंबवतो, हाच सडू देत नाही, ह्याच्यामुळेच पाणी शिरूनही तुझ्या गाई जगल्या. आई ऐकत होती. तिला ते समजलं, हे दिसत होतं. तिच्या बंद चेहऱ्यात रागाशिवाय दुसरं काहीतरी होतं.

"चांगलाच आसंल तो," ती म्हणाली. "पर आदी इचारायचं व्हतं. त्येंनी बोर्डावर लावलं तवा तुला राग आला. मला न्हाय येत व्हय?"

गाय दावणीला अंग घासत होती. वाटभर जमवलेला तो दगड स्वरूपाच्या हातातून कुणी अलगद काढून घेतला, आणि गंमत म्हणजे तिला हलकं वाटलं. सरांनी तिला न विचारता नाव घातलं होतं. तिने आईला न विचारता घातलं होतं. तिने घातलेलं प्रेमाने होतं, पण बापूसाहेबांवरही कुणाचं तरी प्रेम असेलच. तिने मान खाली घातली आणि आता विचारते असं म्हणाली. आईने नको म्हटलं. तिच्या नावाने एवढी वर्षं कुणी हाक मारली नाही, सगळ्यांनी हिंदुरावची बायको, स्वरूपाची आई म्हटलं, आणि तिचं काही अडलं नाही. जे नाव घरातच वापरलं नाही ते परदेशात पाठवून काय करायचं, असं तिचं म्हणणं होतं. मग थोड्या वेळाने, चहा गाळताना, चहाबद्दल बोलावं तसं म्हणाली, की एवढंच असेल तर चोपणाचं नाव दे.

खड्डा ज्या तुकड्यावर होता त्याला घरात चोपण म्हणत. मीठ फुटलेली, उन्हाळ्यात पांढरी पडणारी, पावसात पाय घसरणारी जमीन. कळप विकून आलेल्या पैशांत तेवढीच मिळाली होती, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. ऊस तिथे गुडघ्यावर गेला नाही. शेवटी आईने तिथे खड्डा खणला, की पिकत नाही तर निदान साठवू. स्वरूपा कप हातात धरून तशीच बसली. इतर सगळे मागे पडतात आणि हा मिठात वाढतो, हे तिने मसुद्यात तक्त्यात मांडलं होतं, आकड्यांत लिहिलं होतं, आणि तो तिथे का वाढतो हे तिच्या पायाखाली होतं. ती उठून खड्ड्याकडे गेली, चप्पल काढून. जमीन तळव्यांना बोचरी आणि गरम लागली. परत येऊन तिने पिशवीतून लॅपटॉप काढला, फोनचं इंटरनेट त्याला जोडलं आणि ओट्यावर मांडी घालून लेखातलं नाव जिथे जिथे होतं तिथे तिथे बदललं. लॅक्टोबॅसिलस चोपनेन्सिस. लेखकांत सरांचं नाव तसंच ठेवलं, कारण जीनोमची परवानगी त्यांनीच मिळवून दिली होती आणि मनगट त्यांनीच शिकवलं होतं. मग तिने सरांना फोन लावला. लेखात काय बदललंय आणि तो कुठे पाठवतेय ते सांगितलं, आणि तुमचं नाव ठेवू का असं विचारलं. सर म्हणाले, ठेव. आणि त्यांनी फोन बंद केला. नेटवर्क जात-येत होतं. पडद्यावरचा बाण फिरत राहिला, थांबला, पुन्हा फिरला, आणि लेख गेला.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. तिचे तास कमी झाले, मग फक्त सोमवारचे उरले. स्टाफरूममध्ये लोक तिच्याशी हवापाण्याचं बोलू लागले. फ्लेक्स एक दिवस उतरला आणि त्या जागी कृषी प्रदर्शनाचा लागला. परीक्षकांनी लेखावर शंका काढल्या, तिने एकेक प्रयोग पुन्हा करून उत्तरं दिली, रविवारीसुद्धा, आणि सरांनी प्रयोगशाळेची किल्ली तिच्याकडून कधी मागितली नाही, हे तिने लक्षात ठेवलं. थंडी सुरू होताना लेख छापून आला. मुलाखती दोनदा पुढे ढकलल्या गेल्या होत्या, त्या त्यानंतर झाल्या.

हॉलमध्ये पाचजण बसले होते. एका टोकाला सर, समोरच्या कागदाकडे बघत. मधले गृहस्थ संस्थेचे होते, बापूसाहेबांच्या नात्यातले, बोलायला मऊ. त्यांनी तिचं काम वाचलं असल्याचं सांगितलं, कौतुक केलं, आणि मग नावाबद्दल काहीतरी घोळ झाला होता ना, असं विचारलं. तिने घोळ झाला नव्हता असं सांगितलं. ते हसले. संस्थेची इच्छा अजूनही तीच आहे, ते म्हणाले, आणि तुम्ही मनावर घेतलं तर दुरुस्तीपत्रक काढता येईल, असे लेख दुरुस्त होतातच की. खोलीत सगळ्यांना कळलं की प्रश्न हाच आहे, बाकी सगळे झाले ते उगाच. स्वरूपाच्या अंगाला सकाळीच आईच्या गोठ्यात गेल्याचा वास होता. घरून निघताना तिला तो आला होता आणि तिने साडी बदलली नव्हती. तिचे हात मांडीवर होते. ते पदराकडे गेले नाहीत.

"नाही सर. एकदा नियमाने नाव लागलं की ते बदलता येत नाही. कुणालाच. मलासुद्धा."

मधल्या गृहस्थांनी पेनाचं टोपण लावलं आणि आभार मानले.

बाहेर व्हरांड्यात ती चप्पल सारखी करत होती, तेव्हा सर मागून आले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं नाही, आवाजही खाली आणला नाही. तुझं होणार नाही, ते म्हणाले. तिने माहीत आहे म्हटलं. ती इंदापुरात एक खोली घेतेय, खड्ड्यांचे नमुने तपासायला, आसपासच्या दूधवाल्यांनी आत्तापासून विचारायला सुरुवात केलीय, हेही सांगितलं. सर कठड्याला हात टेकून उभे राहिले. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी काढत होतं.

"तो नीट वाढतोय ना अजून?" त्यांनी विचारलं.

"वाढतोय," ती म्हणाली. "तुम्हाला बघायचा असेल तर या. मात्र आधी फोन करून या."